पंचवीस नग टर्की

शिवलिंगप्पा कोनापुरे यांनी एका शाळेत चौतीस वर्षं हेडक्लार्की केली आणि तेवढ्या काळात वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. ही माहिती कुणी विचारली नाही तरी ते स्वतःहून देत. लाइटबिल आलं की आकड्याकडे न बघता आधी पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला घेत. औषधाच्या बाटलीतला घडी घातलेला कागद तर ते चहाबरोबर वाचत. अशा माणसाने ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, डोळ्यांवर चष्मा असताना जे करून ठेवलं, ते जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीला आजही खरं वाटत नाही.

घरात लग्न होतं. मुलगी अंकिता, नोव्हेंबरअखेरची तारीख. आता आपल्याकडे लग्न म्हटलं की मानकऱ्यांना टॉवेल-टोपी आलीच. मानकऱ्याला जेवायला नाही मिळालं तर तो एक वेळ गप्प बसेल, पण टॉवेल पातळ निघाला तर पुढच्या तीन लग्नांत तो विषय निघतो. टोप्या आणून झाल्या होत्या. टॉवेलचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं आणि काय, कुठून, केव्हा, हे बायकोलाही सांगितलं नाही. "एक खास माल येणारंय, बघशील," एवढंच.

कोनापुऱ्यांच्या घरात टर्किश टॉवेलला नुसतं 'टर्की' म्हणत. अप्पांचे वडील गिरणीत होते, त्यांच्यापासूनची ही पद्धत. आंघोळीला बसलं की आतून हाक यायची, "ए, माझी टर्की दे!" टर्की नावाचा देश आहे हे अप्पांना ठाऊक होतं. त्या नावाचा पक्षीही आहे, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. का शिवावी? साठ वर्षं माणूस ज्याने अंग पुसतो, ते उडतं असं त्याला कोण सांगणार?

तर मंगळवारी मोबाइलवर खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'टर्की. ताजा माल. पांढरा व काळपट कलर. पंचवीस नगांपुढे घरपोच. जोतीराम, टेंभुर्णी.' अप्पांनी तो दोनदा वाचला. शुद्धलेखन बरं होतं. त्यांनी फोन लावला.

"माल नवा आहे ना?"

"आवो, कालच निघालाय की! एका दिसाचा हाय."

"मऊ आहे का?"

"हातात घिऊन बगा, लई मऊ."

"रंगाचं काय?"

"रंग? जसजसं दिवस जातील तसा खुलतोय."

अप्पा खूश झाले. दिवसांबरोबर रंग खुलणारी टर्की त्यांनी उभ्या सोलापुरात पाहिली नव्हती. आता शेवटचा आणि जाणकाराचा प्रश्न.

"टिपतात ना नीट?"

"टिपत्यात की! पर पैले दोन-तीन दिवस टिपत न्हाईत. शिकवावं लागतंय."

इथे अप्पांचा विश्वास पक्का बसला. नवा टॉवेल दोन-तीन धुण्यांशिवाय पाणी टिपत नाही हे खरंच आहे, आणि ते आपणहून सांगणारा व्यापारी म्हणजे सचोटीचा माणूस.

"लग्नात पाहुण्यांना द्यायचेत," अप्पा म्हणाले.

"मग सा आठवडं आधी घेताय ते ब्येस केलं," जोतीराम म्हणाला, आणि सौदा झाला.

गुरुवारी टेम्पो आला. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा चपटा खोका पोरसवदा ड्रायव्हरने पायरीवर ठेवला, पावती पुढे केली. पावतीवर 'टर्की, २५ नग' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. अप्पांनी वाचलं आणि सही केली. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला, आणि खोका चिवचिवला.

त्यांच्या बायको पार्वतम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "एनिदु? काय हे?"

अप्पांनी झाकण उचललं. आत पंचवीस पिवळट-करडी पिल्लं एकमेकांच्या डोक्यांवर चढून त्यांच्याकडे बघत होती. खरं म्हणजे त्याच क्षणी 'अगं, मी टॉवेल मागवले होते' असं म्हणून मोकळं व्हायचं होतं. दोघं हसली असती, संपलं असतं. पण हे म्हणायला जे लागतं ते हेडक्लार्कच्या नोकरीत कुणी शिकवत नाही.

"पिल्लं आहेत," अप्पा भारदस्त आवाजात म्हणाले. "टर्कीची. मुद्दाम मागवली. रिटायर माणसाला काही व्याप नको का?"

"मुलीच्या लग्नात?"

"व्याप मुहूर्त बघून येत नाही."

पार्वतम्मांनी एकदा खोक्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. कोनापुऱ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "जीव आहेत, आता फेकून थोडेच देणार? पण एक सांगते. अंकिताच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत या घरात एकसुद्धा मरण मला चालणार नाही. एक जरी पिल्लू गेलं ना, तर तुमच्याशी मी जन्मात बोलणार नाही."

अप्पांनी आत जाऊन दार लावलं आणि हळू आवाजात जोतीरामला फोन केला. माल परत घेऊन जा म्हणाले. "आता?" जोतीराम ओरडला. "आवो, लई नाजूक जात. परत एवडा परवास केला तर निम्मी वाटंतच मरतील. सा आठवडं काढा, मग दगडासारकी व्हत्यात. तवा मी सोता येऊन नेतो."

सहा आठवडे. लग्नाच्या तीन दिवस आधीपर्यंत.

शेजारच्या घरात चांदसाब राहत. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आणि लहानपण मोहोळकडे कोंबड्यांत गेलेलं. ते कुंपणावरून डोकावले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! अप्पा, ये मुर्गी नै. मुर्गीचं पिल्लू खाली पडलं की खायला लागतंय. याला खायचं असतंय हेच ठाऊक नसतंय. समोर दाणे ठेवा, त्यातच उभं राहून भुकेनं मरंल."

"म्हणजे टिपायला शिकवायचं," अप्पा खोल आवाजात म्हणाले. त्यांना आता सगळं कळत होतं.

स्कूटर बाहेर पावसापाण्यात गेली आणि तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिल्लं आली. चांदसाबनी जुना पत्रा गोल वाकवून कुंपण केलं. कोपरा ठेवायचा नाही म्हणाले. कोपरा दिसला की ही सगळी एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. वर मोठा बल्ब टांगला. खाली अप्पांनी वर्तमानपत्रं अंथरली, त्यातही अग्रलेखाची बाजू वर ठेवली. अर्ध्या तासात पिल्लं त्यावरून घसरून पाय फाकवून पडायला लागली.

"कागज नक्को!" चांदसाबच्या बेगम खातूनबी कुंपणापलीकडून ओरडल्या. "पाय कायमचे वाकडे होतील. खरबरीत कपडा टाका. टॉवेल टाका, टॉवेल! जाडवाला, टर्किश!"

अप्पांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ त्या माउलीला कळणं शक्य नव्हतं. मग ते निमूट चाटी गल्लीत गेले. मानकऱ्यांसाठी घ्यायचे तसले पंचवीस टॉवेल त्यांनी घेतलेच, वर पिल्लांसाठी सहा. दुकानदाराने विचारलं, "हे सहा कुणासाठी?" अप्पा म्हणाले, "जवळच्यांसाठी."

मग शिकवणी सुरू झाली. एकेक पिल्लू हातात घ्यायचं, चोच पाण्यात बुडवायची, चोच दाण्यात बुडवायची, खाली ठेवायचं, दुसरं घ्यायचं. पंचविसावं होईपर्यंत पहिलं सगळं विसरलेलं असायचं. चौतीस वर्षं शाळेत काढून आपण एकही तास घेतला नाही याचं अप्पांना प्रथमच वाईट वाटलं. चांदसाबनी सल्ला दिला की चमकणारी वस्तू दिसली की ती चोच मारतात, तर पाण्याच्या थाळीत गोट्या टाका. म्हणजे बुडायचीही भीती नाही. अप्पा दुकानात काचेच्या गोट्या मागायला गेले. "नातवाला का?" दुकानदार म्हणाला. "मुलीचं लग्न व्हायचंय अजून," अप्पा म्हणाले, आणि दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही.

गोट्यांनी काम केलं. तिसऱ्या दिवशी एका काळपट पिल्लाने गोटीवर चोच मारली, ती पाण्यात गेली, पिल्लाने मान वर करून घोट गिळला, आणि ते बघून बाकीच्यांची थाळीवर झुंबड उडाली. अप्पा शेडमध्ये एकटेच टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी घेऊ लागले. वही आखली. 'पट पंचवीस, हजर पंचवीस.' खाली सही.

पण पिल्लांना जोर येईना. चांदसाब म्हणाले, "दहा पिल्लांमागं एक उकडलेलं अंडं, बारीक कुस्करून."

"चांदसाब!"

"अप्पा, धर्म तुमचा. त्यांचा नै."

अंडी खातूनबींकडे उकडायची, तिथेच कुस्करायची, आणि डब्यातून आणायची असं ठरलं. पहिल्याच दिवशी डबा रुमालात गुंडाळून येताना फाटकाशी सोसायटीचे चेअरमन आदिनाथ भेटले. यांचं नाक फार तिखट. "अप्पा, डबा कसला?" "औषध," अप्पा म्हणाले. "वास येतोय." "औषधाला येतोच." अप्पा घाईने निघाले. पार्वतम्मांना मात्र न सांगताच कळलं. त्या म्हणाल्या, "उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर." आणि त्या दिवशी अप्पांनी चहाही अंगणातच घेतला.

आदिनाथ गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. चार दिवसांत नोटीस आली. 'सोसायटीच्या आवारात कोंबड्या पाळण्यास मनाई असून आपण तीन दिवसांत त्या हलवाव्यात.' अप्पांनी नोटीस वाचली आणि पिल्लं आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. इथे मात्र ते घरच्या मैदानावर होते. 'कोंबड्या'! टर्की म्हणजे कोंबडी असं कुठे लिहिलंय?

दुसऱ्या दिवशी ते एका सरकारी कचेरीत गेले. तिथे ज्ञानबा नावाचे कारकून होते. त्यांनी फॉर्म काढला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर.

"इतर," अप्पा म्हणाले.

"इतरला साहेबांची मंजुरी लागतीय. कोंबडी लिहा, आत्ता शिक्का देतो."

"कोंबडी नाही म्हणून तर आलोय! टर्की ही कोंबडी नव्हे असं लेखी द्या."

ज्ञानबांनी पेन खाली ठेवलं. "अप्पा, माणसं हितं हाय त्याचा दाखला मागायला येतात. नाही त्याचा दाखला मागणारे तुमी पहिले." मग त्यांनी पुढचा रकाना दाखवला. "पाळण्याचा हेतू? मांस, अंडी, शोभा?"

अप्पा बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. खरा हेतू अंग पुसणे हा होता, पण तो पर्याय नव्हता. शेवटी त्यांनी 'इतर' लिहिलं. त्यावर ज्ञानबा म्हणाले की प्राणीही इतर आणि हेतूही इतर म्हटल्यावर अर्ज कोणत्या टेबलाकडे पाठवायचा? चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला साहेबांनी वैतागून लिहून दिलं की 'टर्की व कोंबडी हे भिन्न पक्षी आहेत.' अप्पांनी त्याच्या प्रती काढून एक सोसायटीच्या फळ्यावर डकवली. आदिनाथ ती वाचून म्हणाले, "बरं, पुढच्या सभेत घेऊ," म्हणजे ते हरले.

आणि मग तो रविवार आला. परतीचा पाऊस दुपारीच कोसळला, हवा एकदम गार पडली आणि चार वाजता लाइट गेली. बल्ब विझल्याबरोबर पिल्लं एका ढिगात चढायला लागली. अप्पा हाताने ढीग मोडत होते, तो दुसरीकडे होत होता. वायरमनचा फोन लागेना. "चांदसाब! चांदसाब!" अप्पा ओरडले, पण चांदसाब मंडळी अक्कलकोट रोडला दावतीला गेलेली. एक पिल्लू खालून काढलं तर मान टाकलेलं. अप्पा ते तळहातावर घेऊन शेडच्या दारात उभे राहिले, आणि काय करावं हे त्या माणसाला खरोखर सुचेना.

पार्वतम्मा मागच्या सोप्यात चुलीवर लग्नाच्या कडक भाकरी करत होत्या. गेले अठरा दिवस त्या शेडपासून दहा हात लांब राहिल्या होत्या. त्यांनी अप्पांचं तोंड बघितलं, हातातली भाकरी परातीत टाकली आणि पावसातून शेडमध्ये शिरल्या. "बघत काय बसलाय, द्या इकडं!" म्हणत त्यांनी लुगड्याच्या ओच्यात सहा-सहा पिल्लं भरली. चार खेपांत सगळी चुलीजवळ आली. मान टाकलेलं ते पिल्लू त्यांनी पिठाच्या हाताने छातीशी धरलं आणि कन्नडमध्ये त्याला दटावत राहिल्या. साडेपाच वाजता त्याने डोळा उघडला. "शिवा शिवा," पार्वतम्मा म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. अप्पांनी हजेरी घेतली. पंचवीस.

त्यानंतर डबा न लपवता यायला लागला. पार्वतम्मा कांद्याची पात बारीक चिरून पाठवू लागल्या, आणि मान टाकलेल्या त्या पिल्लाला पहिला मान. अप्पा सुखी असायला हवे होते. पण पिल्लं जसजशी उंच होऊ लागली तसतसं 'मुद्दाम मागवली' हे वाक्य त्यांना रोज थोडं जास्त बोचू लागलं. येईल तो त्यांचं कौतुक करायचा. "अप्पा, या वयात केवढी हिंमत!" अप्पा मान हलवायचे आणि हजेरीची वही उघडून बसायचे.

लग्नाला तीन दिवस राहिले. दारात मांडव पडत होता. चांदसाब शिडी धरून उभे, आदिनाथ सूचना देत, लग्न लावणारे स्वामी पूजेचं साहित्य तपासत, निम्मी कॉलनी अंगणात. अशात जोतीरामचा टेम्पो आला. मोकळा, मोठ्याने बोलणारा माणूस. शेडमध्ये डोकावून तो थक्कच झाला. "पंचवीसच्या पंचवीस? अप्पा, आमची निम्मी जात्यात हो! तुमी तर मास्तर निगाला!"

अप्पांची मान ताठ झाली. "कुठं नेणार यांना?"

"कुटं म्हंजी? पुन्याला. हाटेलात. डिसेंबरात लई मागणी."

पार्वतम्मा हातातल्या आरतीच्या ताटासकट पुढे आल्या. त्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"नाही," अप्पा म्हणाले. "द्यायची नाहीत."

"आस्सं व्हय!" जोतीरामला एकदम आठवलं. "बराबर! तुमी फोनवर बोललाच व्हता की. लग्नात पावण्यांना द्यायचीत म्हून! मग आचारी कोन हाय? सांगा, मी साफ करूनच देतो."

स्वामींच्या हातातून विड्याची पानं पडली. आदिनाथ मांडवाच्या खांबाला टेकले. कोनापुऱ्यांच्या लग्नात पाहुण्यांना टर्की! संध्याकाळपर्यंत हे व्याह्यांच्या कानावर जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. अंकिता दारात उभी होती, तिचा हात तोंडावर गेला. आणि पार्वतम्मा हळूच म्हणाल्या, "पाहुण्यांना द्यायला आणली होती तुम्ही? माझ्या हातून वाढवून घेतली, ती कापायला?"

अप्पांनी एक सबब शोधली, दुसरी शोधली. सबबींची त्यांच्याकडे कधी कमी नव्हती. पण पार्वतम्मांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यापुढे एकही टिकेना.

"टॉवेल!" अप्पा ओरडले.

"काय?"

"टॉवेल समजून मागवली! टर्की! टर्किश टॉवेल! मानकऱ्यांना द्यायला! मऊ आहे का विचारलं, मऊ म्हणाला. टिपतात का विचारलं, शिकवावं लागतंय म्हणाला! मला काय माहीत चोचीने टिपतात!" त्यांचा आवाज फुटला. "पावती वाचून सही केली मी. पक्षी आहे हे मला खोका उघडल्यावर कळलं. चुकलो. मी चुकलो."

मग जोतीराम टेम्पोच्या फाळक्यावर बसला आणि मांडी थोपटत हसायला लागला, आणि मग अंगणात जे हसू फुटलं ते आवरेना. आदिनाथांना ठसका लागला. स्वामी पानं गोळा करायला म्हणून वाकले ते लवकर वर आलेच नाहीत. अंकिता उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होती. अप्पा मधोमध उभे. आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही वाटत नव्हतं.

पार्वतम्मांनी ताट खाली ठेवलं. डोळे पुसले. जोतीरामला म्हणाल्या, "एक पण जाणार नाही. माझ्या भावाचं शेत आहे अक्कलकोटजवळ, तिथं राहतील, किडे खातील. तुम्ही लग्नाला या, गोड खाऊन जा." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक असा भाव होता जो अप्पांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

"काय म्हणालात मघाशी? शेवटचं?"

"काय?"

"परत म्हणा. लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं."

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे थांबले होते. त्यांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "चुकलो."

"अप्पा!" शिडीजवळून चांदसाब ओरडले. "जरा जोरात! हिकडं मागं ऐकू आलं नै!"